खंयचो?

आधी रिकाम्याचे मोजमाप घ्यायचे.
नमुना नाही, नुसती काच, नुसती हवा.
आणि बांबोळीच्या पठारावरची हवा
जुलैत म्हणजे निम्मे पाणीच.
ती वजा करायची. मग माणूस.

यंत्राच्या पोटात मिठाची एक चकती आहे.
ओलावा लागला की धुरकटते.
म्हणून डीह्युमिडिफायरची बादली मी दिवसातून तीनदा ओतते.
मिठाचे भय मला नवे नाही,
मामाचे मिठागर मानस फुटून एका रात्रीत गेले होते.
द्रव नायट्रोजन वेर्ण्याहून येतो.
त्या पिंपाला सगुण शिपाई मोरूबाब म्हणतो,
का ते त्याने कधी सांगितलेले नाही.

डॉ. इर्मेलिंडा बार्रेतोंची चिठ्ठी:
यकृतातली गाठ. पुरुष, त्रेसष्ट. तारवटी.
मूळ सापडत नाही.
गुलाबी-जांभळ्या रंगात तिने चार दिवस पाहिल्या त्या पेशी,
सगळ्या एका गणवेशातल्या.
खाली पेन्सिलीने:
ह्यो हांगाच्यो न्हय. पूण खंयच्यो?

माझे वडील चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकायचे.
गर्दीत पाठमोरे उभे.
मागून कुणी नुसते "बाब, वाट दी" म्हटले
की पुटपुटायचे,
साष्टीची. बार्देसात दिलेली. मधे थोडी मुंबई.
चुकायचेही.
चुकले की पलीकडचा धक्का येईपर्यंत
कुणाशी बोलायचे नाहीत.

अवरक्त म्हणजे ऊब म्हणून कळणारा उजेड.
त्याला चेहरा दिसत नाही.
तो पेशीला थोडे हलवतो आणि ऐकतो.
प्रथिने झुलतात सोळाशे पन्नासच्या आसपास,
चरबी ताणली जाते अठ्ठावीसशे पन्नासला,
साखरा खाली, हजाराच्या वस्तीत, गर्दी करून.
शब्द सगळ्यांचे तेच.
हेल वेगळा.

केसाहून पातळ काप, रुपयाएवढी काच,
मेण झायलीनने धुऊन काढलेले.
एका चौकोनातून चार हजार शहाण्णव आलेख,
एकाच डोंगराची चार हजार शहाण्णव चित्रे.
आणि मधेच बारीक काट्यांची रांग.
झाकण नीट बसले नव्हते.
वाफेचे काटे, माझ्या श्वासाचे:
त्याच्या यकृतावर माझा दुपारचा उच्छ्वास
स्वच्छ उमटलेला.
पुसून टाकले. पुन्हा घेतले.
ह्या खेपेस बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबले.

एक हजार चव्वेचाळीसजवळ एक खांदा होता.
शिखर म्हणवत नाही,
चालता चालता कुणी किंचित एका बाजूला झुकावे तेवढाच.
मोठ्या आतड्याच्या श्लेष्मात असा असतो.
संगणक म्हणाला, शंभरात एक्याऐंशी.
मी लिहिले: बहुधा आतड्याकडची.
बाबा "बहुधा" कधी म्हणाले नाहीत.
पण त्यांच्या सांगण्यावर
कुणाच्या शिरेत औषध जाणार नव्हते.
खोडले नाही. खाली जोडले:
दुसऱ्या कापावर परत बघावे.

फाइल द्यायला गेले तेव्हा बाकावर एक जण
कागदातले पॅटिस अर्धे सोडून बसलेला.
मनगटावर नांगर गोंदलेला, निळा पसरून हिरवट झालेला.
मांडीवरच्या लिफाफ्यावर माझाच आकडा.
सरकून त्याने जागा केली.
कुणाशी तरी बोलायचे म्हणून
एकतीस वर्षांची बंदरे सांगू लागला,
रॉटरडॅम, डर्बन, मध्ये एक ज्याचे नाव आठवेना,
आसोळण्यात तीन महिने, परत जहाज.
मग थांबून,
"तूं खंयची गे?"

"चोडणची."

त्याने मान तिरकी करून ऐकले,
ऐकलेले जरा चघळले.
मी पुण्यात सात वर्षे काढली होती.

"उलोवपावेल्यान कळना."